पाय सुन्न झाले म्हणून चालणे सोडू नका : न्यूरोपॅथी असताना व्यायाम कसा करावा?

फजरची वेळ. डिसेंबरची थंडी. वजूला बसलेल्या अब्बांच्या हाताला पाणी बर्फासारखे गार लागते, पण पायावर तेच पाणी पडते तेव्हा काही कळतच नाही. रात्री मात्र तेच पाय आगीत ठेवल्यासारखे जळतात. चालताना जमिनीऐवजी कापसावर पाय पडतोय असे वाटते. एक-दोनदा तोल जातो, घरचे घाबरतात आणि म्हणतात, "अब्बा, आता बसून राहा. मशिदीत जायची गरज नाही, घरीच नमाज पढा."

हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो, पण बहुतेक वेळा चुकीचा असतो. बसून राहिलेल्या माणसाच्या पायातली ताकद जाते, तोल आणखी बिघडतो, साखर वाढते आणि नसा आणखी खराब होतात. सुन्न पायांनाही व्यायाम हवा असतो. फक्त जे काम पायाची जाणीव करत होती, ते आता डोळ्यांनी, हातांनी आणि चांगल्या चपलेने करायचे असते. ते कसे करायचे, याची ही माहिती.

न्यूरोपॅथी म्हणजे काय?

मेंदू आणि मणक्यातून निघून हातापायांपर्यंत जाणाऱ्या नसांना इजा झाली की त्याला पेरिफेरल न्यूरोपॅथी म्हणतात. सर्वात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून त्रास बहुतेकदा तिथूनच सुरू होतो. आधी बोटे, मग तळवा, मग घोट्यापर्यंत मोजा घातल्यासारखी बधिरता. पुढे हाताच्या बोटांनाही तसेच होऊ शकते.

नसा तीन प्रकारची कामे करतात आणि त्रासही त्याप्रमाणे तीन प्रकारचा होतो.

• जाणिवेच्या नसा : मुंग्या, जळजळ, सुया टोचल्यासारखे वाटणे, बधिरपणा. गरम-गार न कळणे.
• हालचालीच्या नसा : पायातली ताकद कमी होणे, चवडा लटकणे, बोटे वाकडी होणे.
• आपोआप चालणाऱ्या कामांच्या नसा : उठताना एकदम चक्कर येणे, पायाला घाम न येऊन कातडी कोरडी पडणे आणि भेगा जाणे.

सर्वात मोठे कारण मधुमेह. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. पण प्रत्येक सुन्न पाय साखरेमुळेच असतो असे नाही. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी अनेक वर्षे घेतल्यानेही ती होते), थायरॉइडचा आजार, मूत्रपिंडाचा आजार, दारू, कर्करोगाची काही औषधे, टीबीवरचे आयसोनियाझिड हे औषध आणि कुष्ठरोग ही इतर कारणे आहेत. म्हणून "शुगर आहे, त्यामुळे असणारच" असे धरून बसू नका. कारण शोधा. ब-१२ची कमतरता किंवा कुष्ठरोग वेळेत सापडला तर पुढचे नुकसान थांबवता येते.

जामखेडने आणि वेल्लोरने शिकवलेला धडा

सुन्न पायांचा विषय आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अनेकदा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अंगावरचा फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा ओळखून कुष्ठरुग्णाला उपचाराखाली आणणे, हेही त्या सेविकांचे काम होते. रुग्णाला गावाबाहेर न काढता त्याच्या घरात, त्याच्या माणसांत ठेवून उपचार झाले. याच प्रकल्पात जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही उभी राहिली. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. त्याच वेल्लोरमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवर काम केले होते. त्या काळी समज असा होता की कुष्ठरोग पाय 'खातो'. ब्रँड यांनी दाखवून दिले की पाय झडतो तो मुख्यतः न कळलेल्या जखमांमुळे. खडा टोचला, चटका बसला, चप्पल घासली. दुखले नाही म्हणून माणूस त्यावरच चालत राहिला, जखम चिघळली आणि हाडापर्यंत गेली. तिथे पायांखाली मऊ रबर वापरून चपला तयार झाल्या. आज 'एमसीआर चप्पल' नावाने ओळखले जाणारे पायताण त्याच परंपरेतले. मधुमेहाच्या रुग्णांनाही आज तीच चप्पल सांगितली जाते.

या सगळ्याचा अर्थ सरळ आहे. सुन्न पाय आपोआप सडत नाही. तो न पाहिल्यामुळे सडतो. आणि जो पाय रोज पाहिला जातो, तो चालवता येतो.

'पायावर भार नको' हा जुना सल्ला का बदलला?

पूर्वी डॉक्टरही सुन्न पायांच्या रुग्णांना चालण्याऐवजी पोहणे, सायकल किंवा बसून करायचे व्यायाम सांगत. चालल्याने जखमा वाढतील अशी भीती होती. अमेरिकेत ७९ मधुमेही न्यूरोपॅथी रुग्णांवर वर्षभर अभ्यास झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पायांचे व्यायाम आणि हळूहळू वाढवत नेलेले चालणे दिले, काहींना नाही. चालणाऱ्यांमध्ये पायाच्या जखमा लक्षणीय वाढल्याचे दिसले नाही. २०१० मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने मार्गदर्शक सूचनांत म्हटले की पायाला जखम नसेल तर अशा रुग्णांनी मध्यम चालणे करायला हरकत नाही. अट एकच : योग्य पायताण आणि रोज पायांची पाहणी.

व्यायामाने मेलेल्या नसा रातोरात जिवंत होत नाहीत. तसे सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. पण साखर आटोक्यात येते, पिंडऱ्या आणि मांड्या मजबूत होतात, तोल सुधारतो, पडण्याची भीती कमी होते. अनेकांची जळजळही थोडी कमी होते आणि झोप सुधारते.

सुरू करण्याआधी : घरच्या घरी स्पर्शाची परीक्षा

डॉक्टर १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने (मोनोफिलामेंट) आणि कंपन करणाऱ्या चिमट्याने पायाची जाणीव तपासतात. घरी एक सोपी परीक्षा मुलगा, मुलगी किंवा सून करू शकते. इंग्लंडमधील इप्सविचच्या डॉक्टरांनी ती सुचवली आहे.

१. रुग्णाला आडवे झोपवा, डोळे मिटायला सांगा.
२. उजव्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी. मग डाव्या पायाची तीच तीन बोटे. अशा सहा ठिकाणी आपल्या बोटाच्या टोकाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका, एका ठिकाणी दोनदा करू नका. क्रम थोडा बदलत जा.
३. स्पर्श कळला की रुग्णाने 'उजवा' किंवा 'डावा' म्हणायचे.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळले नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे समजा आणि डॉक्टरांकडे जा. ही परीक्षा रुग्णाला घाबरवण्यासाठी नाही. आपला पाय किती भरवशाचा आहे हे त्याला स्वतःला कळावे, यासाठी आहे.

व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना या चार गोष्टी विचारा : पायातला रक्तपुरवठा बरोबर आहे का? हृदय तपासायची गरज आहे का? (नसा खराब असतील तर छातीत दुखल्याचेही नीट कळत नाही.) डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली आहे का? उभे राहिल्यावर रक्तदाब फार खाली जातो का?

कोणता व्यायाम, किती?

ध्येय आठवड्याला १५० मिनिटांच्या मध्यम चालण्याचे असते. पण पहिल्या दिवशी तिथे उडी मारायची नाही. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतके.

चालणे. दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटांनी सुरुवात करा. पाय ठीक असतील तर दर आठवड्याला प्रत्येक फेरीत दोन-तीन मिनिटे वाढवा. सपाट, उजेडातली जागा निवडा. नगर शहरातल्या लोकांना भुईकोट किल्ल्याचा परिसर माहीत आहे; किल्ल्याचा घेर साधारण पावणेदोन किलोमीटर आहे, म्हणजे अंतराचा अंदाज येतो. भिंगारकडच्या लोकांना जॉगिंग पार्क आहे. चांदबीबी महालाचा डोंगर मात्र सुरुवातीला नको. चढापेक्षा उतारावर सुन्न पायाचा घात जास्त होतो. ज्या बायकांना बाहेर पडणे अवघड वाटते त्यांनी गच्चीवर किंवा घरातल्या लांब खोलीत फेऱ्या माराव्यात. बुरखा किंवा साडी घोट्याच्या वर राहील अशी बेताची असावी, पायात येऊ नये.

तोल सांभाळण्याचे व्यायाम. हे चालण्याइतकेच महत्त्वाचे, आणि हेच बहुतेक लोक करत नाहीत. जागा : स्वयंपाकघरातला ओटा. दोन्ही हातांनी ओटा धरा.

• टाचा उचला, दोन सेकंद थांबा, हळू खाली आणा. १० वेळा.
• एका पायाच्या पुढे दुसरा पाय, टाच-बोट एका रेषेत ठेवून १० सेकंद उभे राहा. मग पाय बदला.
• एक पाय जमिनीपासून थोडा उचलून १० सेकंद. मग दुसरा.
• ओटा धरून बाजूला पाच पावले जा, परत या.

जमू लागले की दोन हातांऐवजी एक हात, मग फक्त बोटे टेकवा. डोळे मिटून करू नका. सुन्न पायाचा माणूस तोलासाठी डोळ्यांवरच अवलंबून असतो. सुरुवातीला घरातले कोणी जवळ उभे असू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा तरी करा.

ताकदीचे व्यायाम. भक्कम, चाके नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात न टेकवता उठा आणि हळूहळू बसा. पाच वेळा, पुढे दहा वेळा. हात टेकवल्याशिवाय जमत नसेल तर टेकवून सुरुवात करा. बसल्या-बसल्या एक पाय गुडघ्यात सरळ करून पाच सेकंद धरा, प्रत्येक पाय १० वेळा. आठवड्यातून दोन-तीन दिवस.

ताण देणे. भिंतीला हात लावून एक पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली, पिंडरी ताणली जाईल असे २० ते ३० सेकंद उभे राहा. घोटा गोल फिरवा. मधुमेहात घोटा आखडतो आणि मग चवड्यावर जास्त भार येऊन घट्टे पडतात, म्हणून हे रोज करा.

बसूनच करायचे असेल तर. तोल फार गेला असेल, गुडघे साथ देत नसतील किंवा पायाला जखम असेल, तर खुर्चीत बसून हातांचे आणि खांद्यांचे व्यायाम, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे हेही चांगले. घरची उभी सायकल असेल तर बूट घालूनच चालवा; जखम असेल तेव्हा मात्र नको.

आणि एक सवय : टीव्हीसमोर, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा शिवणयंत्रावर सलग बसू नका. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे हिंडा.

हे करू नका

• दवावर किंवा हिरवळीवर अनवाणी चालणे. "नसा मोकळ्या होतात" असे सांगितले जाते; सुन्न पायाला मात्र काच, काटा, विंचू काहीच कळत नाही.
• बागेतल्या गारगोट्यांच्या ॲक्युप्रेशर पट्ट्यावर चालणे किंवा काटेरी दाण्यांच्या चपला वापरणे. ज्याला टोचणे कळते त्याच्यासाठी ते ठीक असेल, सुन्न पायासाठी नाही.
• दोरीच्या उड्या, धावणे, उंच पायरीवरून उडी.
• पाय गार पडले म्हणून गरम वीट, तापलेली वाळू, शेकोटी, गरम पाण्याची पिशवी. बधिर पाय भाजल्याचे सकाळी फोड आल्यावर कळते.
• कुरूप ब्लेडने कापणे किंवा त्यावर औषधाच्या पट्ट्या लावणे. त्या पट्ट्यांत आम्ल असते.

वजू : पायांची रोजची तपासणी

न्यूरोपॅथीच्या रुग्णाला डॉक्टर सांगतात, दिवसातून एकदा तरी पाय नीट बघा. नमाजी माणूस तर दिवसातून अनेकदा पायाला हात लावतो. हीच वेळ सोन्यासारखी आहे. फक्त पाणी ओतून उठायचे नाही, बघायचे.

• बेसिनमध्ये एक पाय वर उचलून वजू करू नका. सुन्न पायावर एकटे उभे राहून, खाली ओली फरशी. पडण्याची ही घरातली सर्वात सोपी जागा. स्टुलावर किंवा वजूखान्यातल्या ओट्यावर बसून करा.
• हिवाळ्यात गरम पाणी पायावर घेण्याआधी कोपराने तपासा. हातालाही बधिरता असेल तर घरच्या दुसऱ्या माणसाला तपासायला सांगा.
• बोटांच्या मधे बोट फिरवताना चिरा, पांढरी पडलेली कातडी, चिखल्या बघा. वजूनंतर बोटांच्या मधली जागा मऊ कापडाने कोरडी करा.
• तळवा दिसत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा किंवा नातवाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा.
• तळव्याला आणि टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, पण बोटांच्या मधे नको.

जुम्म्याच्या दिवशी नखे कापायची अनेक घरांत रीत आहे. त्याच वेळी चांगल्या उजेडात पूर्ण तपासणी करा. नखे सरळ रेषेत कापा, कोपरे खोल कोरू नका. नजर कमी असेल तर दुसऱ्याकडून कापून घ्या.

पायाला जखम आणि पट्टी असेल तर वजूत तो भाग धुवायचा की त्यावर मसह करायचा, हे जवळच्या आलिमांना विचारा. सवलती आहेत. त्या न विचारता जखम रोज पाच वेळा भिजवत राहू नका.

नमाज, खुर्ची आणि संकोच

नमाजमध्ये उभे राहणे, वाकणे, बसणे, उठणे आहे. सांधे हलते ठेवायला त्याचा उपयोग होतो. तरी वेगळे चालणे आणि तोलाचे व्यायाम लागतातच.

कायद्यात बसताना पायाची बोटे आणि वरचा भाग दाबला जातो. सुन्न पायाला तो दाब कळत नाही. जाड, मऊ मुसल्ला वापरा किंवा घोट्याखाली घडी केलेला रुमाल ठेवा, आणि नमाजनंतर बोटांवर लाल डाग राहतो का ते बघा. काही मिनिटांत तो गेला नाही तर बसण्याची पद्धत बदलायला हवी. सजद्यातून उठताना चक्कर येत असेल तर एकदम उठू नका, आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. एखाद्या गोळीचा डोस बदलावा लागू शकतो.

तोल जातो म्हणून खुर्ची घ्यावी लागली तर लाज कसली? पण उभे राहता येत असताना सगळेच खुर्चीवर, असेही नको. किती उभे राहायचे, कुठे बसायचे हे डॉक्टर आणि आलिम दोघांना विचारून ठरवा.

मशिदीत आपण चपला बाहेर काढतो. उन्हाळ्यात नगरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा सहनातली फरशी तव्यासारखी तापते. इतर लोक उड्या मारत जातात. सुन्न पायाचा माणूस शांतपणे चालत जातो आणि तळव्याला फोड घेऊन घरी येतो. मशिदीत वापरायला स्वच्छ, जाड सुती मोजे खिशात ठेवा, पण गुळगुळीत फरशीवर ते घसरणार नाहीत असे बघा. मशिदीच्या कमिट्यांनी चपलांच्या जागेपासून आतपर्यंत एक सतरंजी अंथरली, वजूखान्यात आणि पायऱ्यांना धरायला दांडी बसवली, तर कितीतरी बुजुर्ग जमातीत येत राहतील. खर्च थोडा आहे.

रोजे, तरावीह आणि प्रवास

मधुमेह असेल तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. रोजा ठेवणे सुरक्षित आहे का, गोळ्या आणि इन्सुलिनच्या वेळा कशा बदलायच्या, हे तेव्हाच ठरवा. रोज्यात असर ते मगरिबच्या दरम्यान जोरात चालायला जाऊ नका. साखर खाली जाण्याचा आणि पाणी कमी पडण्याचा धोका तेव्हा जास्त. इफ्तारनंतर तास-दोन तासांनी चाला. तरावीह हाही दिवसाच्या हालचालीचा भाग धरा. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, तर रोजा सोडावा असे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलमा सांगतात.

रमजान नसतानाही इन्सुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी चालायला निघताना खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, घाबरल्यासारखे झाले तर थांबा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासा.

उमरा किंवा हजला जाणाऱ्यांनी तयारी दोन-तीन महिने आधी सुरू करावी. सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचेच चालणे तीन किलोमीटरहून थोडे जास्त होते. तवाफ आणि हॉटेलपासूनचे अंतर वेगळे. तिथे नवीन चप्पल पहिल्यांदा घालू नका. एहराममध्ये कोणते पायताण चालते ते आधी विचारून, तेच घालून इथेच महिनाभर सराव करा. रोज रात्री खोलीवर आल्यावर पाय तपासा. व्हीलचेअर घ्यावी लागली तर घ्या.

चप्पल कशी असावी?

• अंगठ्याची चप्पल नको. ती पायातून निसटते आणि कळतही नाही. मागे पट्टा असलेली, पुढून रुंद, वेल्क्रोने बांधता येणारी निवडा.
• आतला तळ मऊ (एमसीआर), बाहेरचा तळ टणक. काटा आरपार जाऊ नये.
• संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. मापाचा भरवसा पायाच्या जाणिवेवर ठेवू नका. कागदावर पाय ठेवून रेघ मारा आणि चप्पल त्यावर ठेवून बघा.
• नवीन चप्पल पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच. काढल्यावर पाय बघा.
• बूट घालण्याआधी झटका आणि आत हात घालून बघा. खडा, खिळा, पाल काहीही असू शकते.
• घरातही अनवाणी नको. घराची वेगळी चप्पल ठेवा.

शेतकरी भावांनी विशेष काळजी घ्यावी. श्रीरामपूर, राहुरी, कोपरगावकडे उसाला पाणी देताना अनवाणी जायची सवय असते. उसाची कापलेली खुंटे आणि बाभळीचे काटे सुन्न पायात कधी घुसतात ते कळत नाही. गमबूट घाला, आत कोरडे मोजे घाला, आणि घरी आल्यावर पाय धुऊन बघा.

व्यायाम ताबडतोब कधी थांबवायचा?

• पायावर फोड, जखम, पाणी किंवा पू. जखम पूर्ण भरेपर्यंत त्या पायावर चालण्याचा व्यायाम बंद. बसून हातांचे व्यायाम चालू.
• एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम, लाल आणि सुजलेला, दुखत नसला तरी. हाडे ढासळण्याची ही सुरुवात असू शकते. मुका मार समजून चालत राहू नका; पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.
• बोट काळे-निळे पडणे, जखमेला वास, सोबत ताप.
• चालताना छातीत दाब, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी.
• काही तासांत किंवा दिवसांत दोन्ही पायांची ताकद झपाट्याने जाणे. २०२५च्या सुरुवातीला पुण्यात रुग्ण आढळले तो जीबीएस आजार असाच सुरू होतो. यात व्यायाम नाही, थेट रुग्णालय.

जळजळीवर डॉक्टर प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन अशी औषधे देतात. त्यांपैकी काहींनी झोप आणि गरगर येते. औषध नवीन सुरू झाले की पहिले काही दिवस एकटे चालायला जाऊ नका, आणि मनाने औषध बंदही करू नका.

जिल्ह्यात कुठे जायचे?

पहिली पायरी गावची आशाताई आणि आयुष्मान आरोग्य मंदिर. तिथे तिशीपुढच्या लोकांची साखर आणि रक्तदाब तपासणी होते. पुढे ग्रामीण रुग्णालय आणि नगरचे जिल्हा रुग्णालय. फिजिओथेरपीसाठी विळद घाटातील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील फाउंडेशन आणि लोणीतील प्रवरा वैद्यकीय संस्था, दोन्हीकडे फिजिओथेरपी महाविद्यालये आहेत. फिजिओथेरपिस्टला भेटायला लकवा किंवा फ्रॅक्चरच व्हायला हवे असे नाही. "माझा तोल जातो, मला व्यायाम ठरवून द्या," एवढे सांगितले तरी पुरे. फिकट, न कळणारा चट्टा असेल तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाचे औषध मोफत मिळते, लपवू नका.

शेवटी घरच्यांसाठी एक गोष्ट. अब्बांना किंवा अम्मींना "बसून राहा" म्हणण्याऐवजी त्यांच्याबरोबर दहा मिनिटे चाला. जुम्म्याला त्यांचे तळवे आपल्या हातात घेऊन बघा. त्यांच्या पायांना जे कळत नाही, ते आपल्या डोळ्यांना कळते. त्यांना जमातीत स्वतःच्या पायांनी जाता यावे, यासाठी घरच्यांनी एवढे केले तरी पुष्कळ आहे.